मानवी पोथीचे वाचन

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर एक मराठी शिलालेख आहे. दुसरे सरफोजी राजे यांनी तो १८०३ साली कोरवून घेतला. त्यात भोसले कुळाची हकीकत सांगितली असून जगातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. देवदर्शनास आलेला मराठी यात्रेकरू त्यातील चारदोन ओळी लावून पाहतो, एखादे ओळखीचे नाव सापडले की हरखतो, आणि पुढे चालू लागतो. सगळा लेख उभ्याने वाचून काढणारा विरळाच. तरीपण ज्याला तो वाचावयाचाच आहे त्याला एक मोठी सोय आहे : एका टोकास उभे राहावे आणि अक्षरामागून अक्षर लावीत दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. मजकूर जागचा हलत नाही, आणि ओळींचा क्रमही बदलत नाही.

कुळाची हकीकत सांगणारा असाच एक लेख प्रत्येक माणसाच्या शरीरात आहे. तो दगडावर नसून पेशीच्या केंद्रकात आहे, आणि त्याची लांबी भिंतीवरच्या लेखाच्या कित्येक हजारपट आहे. मात्र तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचीत जाण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रथमदर्शनी विचित्र वाटेल अशी एक युक्ती काढली. लेखाच्या पुष्कळ प्रती घ्यावयाच्या, त्यांचे बारीक बारीक तुकडे करावयाचे, ते तुकडे वाचावयाचे, आणि मग तुकडा तुकडा ताडून मूळ मजकूर जुळवावयाचा. ही युक्ती कशी चालते, आणि तीत ‘ताडणे’ या शब्दाला किती महत्त्व आहे, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी २३ आईकडून आलेली आणि २३ वडिलांकडून. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनए नावाच्या रेणूचा एक अतिशय लांब, अतिशय बारीक धागा होय. एका पेशीतील सर्व धागे उलगडून एकापुढे एक ठेवले तर त्यांची लांबी सुमारे दोन मीटर भरते. हा धागा दुपदरी आहे, आणि त्यावर चारच प्रकारचे रासायनिक घटक ओळीने बसविलेले आहेत : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी आणि सी अशी अक्षरे देतात. एका पदरावर जेथे ए असेल तेथे समोरच्या पदरावर टी असतोच, आणि जीसमोर सी. म्हणजे एक पदर कळला की दुसरा आपोआप कळला. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली.

आईकडून आलेल्या एका संचात अशी सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात. वडिलांकडून आलेल्या संचातही जवळजवळ तितकीच. एका पानावर २,००० अक्षरे मावतात असे धरले आणि ५०० पानांचा एक ग्रंथ धरला, तर एक संच छापावयास ३,१०० ग्रंथ लागतील. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितेच सुमारे तीन हजार आहेत. तेव्हा एखाद्या मराठी वाचकाने त्या दालनात उभे राहून सभोवार नजर फिरविली, तर आपल्या एका पेशीत आईने किती मजकूर ठेवला आहे याची त्याला ढोबळ कल्पना येईल. फरक एवढाच की त्या पोथ्यांना आरंभ आणि समाप्ती असते, अध्याय असतात. डीएनएच्या मजकुरात शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात. मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना या अडचणीची चांगलीच ओळख असेल. तेथेही लेखणी न उचलता ओळच्या ओळ सलग लिहिलेली असते आणि शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

एवढ्या मोठ्या मजकुरातील एका अक्षरास काय किंमत, असे कोणी विचारील. रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनाचा एक भाग ज्या जनुकावरून घडतो त्या जनुकात एका ठिकाणी ‘जीएजी’ ही तीन अक्षरे आहेत. काही लोकांत मधल्या एच्या जागी टी आलेला असतो. ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झाले की प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. आईवडील दोघांकडूनही असाच पाठ आला असेल, तर तांबड्या पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य वेदना सुरू होतात. हा सिकलसेल आजार होय. नीलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत विळापेशी प्रथम आढळल्या त्या १९५२ साली. विदर्भातील अनेक घरांना हा आजार आज नावानिशी ठाऊक आहे. ३१० कोटींत एक अक्षर!

येथे परिभाषेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. या क्रियेस इंग्रजीत ‘होल जीनोम सीक्वेन्सिंग’ म्हणतात. मराठीत ‘संपूर्ण जनुकसंचाचे अनुक्रमनिर्धारण’ असा प्रतिशब्द योजिला गेला आहे. तो अचूक आहे, पण उच्चारताना दम लागतो. शिवाय ‘जनुकसंच’ म्हटल्याने संचात केवळ जनुकेच आहेत असा समज होतो. वस्तुतः प्रथिने घडविणाऱ्या सुमारे २०,००० जनुकांच्या त्या भागांनी या मजकुराचा शेकडा दोन इतकाही भाग व्यापलेला नाही. म्हणून आम्ही ‘जीनोम’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला आहे आणि क्रियेला साधे ‘वाचन’ म्हटले आहे. नवे शास्त्र मराठीत आणताना हा पेच नेहमीचाच. सरफोजी राजांनी तो आपल्या परीने सोडविला होता : पृथ्वीचा भूगोल सांगावयाचा म्हणून त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक रचले आणि देशोदेशींची माहिती भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी घातली. आम्हांस एवढे स्वातंत्र्य नाही.

तुकड्यांचे वाचन

डीएनएचा धागा सलग का वाचता येत नाही? कारण तो डोळ्याला, किंबहुना साध्या सूक्ष्मदर्शकालाही, अक्षरशः दिसत नाही. त्यातील एक अक्षर एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान जागा व्यापते. म्हणून अक्षर पाहावयाचे नाही, तर ते ओळखता येईल अशी रासायनिक क्रिया घडवून आणावयाची, हाच मार्ग उरतो. फ्रेडरिक सँगर या ब्रिटिश रसायनज्ञाने १९७७ साली असा मार्ग दाखविला. एका पदरासमोर दुसरा पदर नव्याने बांधू द्यावा, पण बांधकामाच्या सामग्रीत काही अशी अक्षरे मिसळावीत की ती बसली म्हणजे पुढचे बांधकाम थांबेल. कोठे कोठे थांबले ते मोजले म्हणजे अक्षरांचा क्रम हाती येतो. ही पद्धत अतिशय विश्वासार्ह; पण एका वेळी फार तर हजारभर अक्षरे वाचून होत. १९९० साली सुरू झालेला आणि पुढे सहा देशांच्या सहभागाचा झालेला मानवी जीनोमचा प्रकल्प मुख्यतः याच मार्गाने चालला. २००३ साली तो पुरा झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे एक पोथी वाचावयास तेरा वर्षे लागली, आणि त्यासाठी ठरविलेला खर्च होता सुमारे ३०० कोटी डॉलर.

आज हेच काम काही दिवसांत आणि हजार डॉलरांच्या आत होऊ शकते. ज्या पद्धतीमुळे हे साधले तिच्या दोन जनकांपैकी एक, शंकर बालसुब्रमण्यम्, यांचा जन्म चेन्नईचा. केंब्रिज विद्यापीठात डेव्हिड क्लेनरमन यांच्यासह त्यांनी १९९७ च्या सुमारास तिची कल्पना मांडली. ती पद्धत अशी.

रोग्याच्या किंवा स्वयंसेवकाच्या दंडातून थोडे रक्त घेतात. तांबड्या पेशींना केंद्रक नसते, म्हणून पांढऱ्या पेशी उपयोगी पडतात. साबणासारख्या द्रव्याने त्यांची आवरणे फोडतात, प्रथिने विरघळवून काढून टाकतात, आणि मद्यार्क मिसळला म्हणजे डीएनए खाली बसतो. हे सर्व साधेच आहे. पुढे ध्वनिलहरींच्या हादऱ्यांनी त्या लांब धाग्यांचे काहीशे अक्षरांचे तुकडे करतात. लाखो पेशींचा डीएनए एकत्र असल्याने आणि प्रत्येक धागा वेगळ्या जागी तुटत असल्याने हे तुकडे एकमेकांवर कौले चढावीत तसे चढलेले असतात. एकाचा शेवट दुसऱ्याच्या मध्यावर येतो. वाचनाचे सारे गमक या एकमेकांवर चढण्यात आहे.

प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ओळखीची लहान शेपटी जोडतात आणि हे तुकडे एका काचपट्टीवर सोडतात. काचेवर त्या शेपट्यांना धरून ठेवणारी बारीक लव उगवलेली असते. तुकडा तेथे चिकटला की जागच्या जागीच त्याच्या पुष्कळ प्रती तयार करवितात, म्हणजे एकच तुकडा एक ठिपका होऊन बसतो. असे कोट्यवधी ठिपके. आता चारी अक्षरे, प्रत्येकाला वेगळ्या प्रकाशाची खूण लावून, त्या काचेवरून वाहू देतात. प्रत्येक ठिपक्यावर नवा पदर बांधला जाऊ लागतो. पण प्रत्येक अक्षराला एक अडसर लावलेला असतो, त्यामुळे एका खेपेस एकच अक्षर बसते. बसले की छायाचित्र घ्यावयाचे. येथे ए बसला, तेथे जी, हे प्रकाशावरून कळते. मग अडसर आणि खूण दोन्ही काढून टाकावयाची आणि पुढचे अक्षर सोडावयाचे. अशा सुमारे दीडशे खेपा झाल्या म्हणजे कोट्यवधी तुकड्यांची प्रत्येकी दीडशे अक्षरे एकाच वेळी वाचून होतात. सँगरच्या पद्धतीत एक वाचक एक ओळ नीट वाचीत होता. येथे कोट्यवधी वाचक एका सुरात अक्षर अक्षर म्हणत आहेत, आणि यंत्र त्यांचे ओठ टिपीत आहे.

अर्थात एकदा वाचून भागत नाही. यंत्र हजार अक्षरांमागे साधारण एखादे चुकते. ३१० कोटींत हजारी एक म्हटले तरी ३१ लाख चुका झाल्या. रोग्याचे निदान अशा वाचनावर कोण करील? म्हणून प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जाईल इतके तुकडे घेतात. हिशेब करून पाहावा : ३१० कोटी गुणिले ३० म्हणजे ९,३०० कोटी अक्षरे, प्रत्येक तुकड्यातून १५० अक्षरे मिळतात, तेव्हा ६२ कोटी तुकडे. तीस वाचनांपैकी एकातच भिन्न अक्षर दिसले तर तो यंत्राचा प्रमाद. तिसांत तीसही वेळा सारखेच अक्षर दिसले तर आईचा आणि वडिलांचा पाठ एकच. पण समजा, १४ वेळा ए आणि १६ वेळा जी आले? तर तो प्रमाद नव्हे. आईकडून एक अक्षर आले आहे आणि वडिलांकडून दुसरे. संख्येच्या या साध्या नियमाने यंत्र दोन पिढ्यांचे हस्ताक्षर वेगळे करते, ही गोष्ट आम्हांस या सर्व विषयात सर्वांत सुंदर वाटते.

कोणत्या प्रतीशी ताडावयाचे?

आता ६२ कोटी तुकडे हाती आहेत, पण कोणता तुकडा कोठला? येथे संगणकाला एक नमुना-प्रत दिलेली असते. प्रत्येक तुकडा त्या प्रतीवर जेथे बसेल तेथे तो ठेवतो आणि जेथे अक्षर जुळत नाही तेथे नोंद करतो. म्हणजे आपण ज्याला ‘वाचन’ म्हणतो त्याचा अर्धा भाग वस्तुतः दुसऱ्या एका पोथीशी ताडून पाहणे हा आहे.

पोथ्या ताडण्याचे काम तंजावरला नवे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा पुण्याबाहेर ज्या ठिकाणी पोथ्या ताडण्याची व्यवस्था केली त्यांपैकी सरस्वती महाल हे एक ठिकाण होते. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यापुढे प्रश्न असा होता की उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पोथ्यांत जागोजाग भेद आहेत. दक्षिणेकडील पाठ पुष्कळ ठिकाणी अधिक लांब. केवळ काश्मीर-बंगालच्या पोथ्या समोर ठेवून बसले असते, तर तेलुगू आणि ग्रंथ लिपीतील पोथ्यांत काय आहे हे कळलेच नसते. म्हणून तंजावरच्या पंडितांनी ताडपत्रांवरील मजकूर अक्षरशः लावून त्याचे पाठभेद पुण्याकडे पाठविले. आदिपर्वाचे काम १९३३ साली पुरे झाले, आणि सर्व महाभारताची आवृत्ती १९६६ साली.

मानवी जीनोमची नमुना-प्रत कोणाची? २००३ सालच्या त्या प्रतीचा सुमारे शेकडा ७० भाग अमेरिकेतील एकाच अनाम रक्तदात्याच्या डीएनएवरून आलेला आहे. म्हणजे बहुतांशी एका पोथीची ती आवृत्ती होय. ती चुकीची आहे असे नव्हे. पण ती ‘मूळ’ही नाही, ‘शुद्ध’ही नाही. येथे महाभारताची उपमा तुटते, आणि ती कोठे तुटते हे नीट पाहिले पाहिजे. ग्रंथाचा संपादक प्रतींच्या मागे दडलेला जुना पाठ शोधतो आणि पुढच्या लेखनिकांनी घातलेली भर बाजूस काढतो. माणसांच्या बाबतीत असा कोणताही एक खरा पाठ नाही. प्रत्येक अपत्यात आईवडिलांत नसलेले सरासरी साठसत्तर नवे अक्षरबदल होतात. लेखनिक इतका दक्ष असूनही एवढे निसटते. हे बदल पिढ्यान्‌पिढ्या साठत आले आहेत. त्यामुळे नमुना-प्रतीशी ताडले असता कोणत्याही निरोगी माणसात ४० ते ५० लाख ठिकाणी भेद सापडतात.

या ४० लाख भेदांत रोगाला कारण झालेला भेद कोणता? वैद्यास हवे असते ते हे. त्याने लावावयाचा पहिला निकष अगदी व्यवहारी आहे : हा भेद इतर निरोगी लोकांत किती आढळतो? पुष्कळांत आढळत असेल तर त्याने दुर्मिळ आजार होणे संभवत नाही. पण ‘इतर लोक’ म्हणजे कोण? तुलनेचे तक्ते जर केवळ युरोपीय वंशाच्या लोकांवरून केलेले असतील, तर दुसऱ्या समाजात सर्रास आढळणारा निरुपद्रवी भेदही त्या तक्त्यात ‘अत्यंत दुर्मिळ’ ठरेल आणि वैद्य त्याच्याकडे बोट दाखवील. ही केवळ भीती नव्हे. अमेरिकेत हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासंबंधी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की काही आफ्रिकी वंशाच्या रोग्यांना ‘तुमच्यात रोगकारक भेद आहे’ असे सांगण्यात आले होते. पुढे तेच भेद आफ्रिकी वंशाच्या निरोगी लोकांत बरेच आढळतात असे कळले. निदान करतानाच तुलनेत थोडे आफ्रिकी वंशाचे लोक असते, तर ती चूक टळली असती. असे सांगितलेला माणूस आपल्या मुलांकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

याच आजाराशी संबंध असलेली आपल्याकडची एक गोष्ट आहे, आणि ती अधिक गुंतागुंतीची आहे. हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात, अकराव्या गुणसूत्रावर, सलग २५ अक्षरे गळालेली असणे हे भारतीय उपखंडातील शेकडा चार लोकांत आढळते. बाहेरच्या जगात ही गळती जवळजवळ नाहीच. पेरुंदुरै धंदापाणी, हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी तंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली दाखवून दिले की हृदयविकाराच्या रोग्यांत ही गळती निरोगी लोकांहून पुष्कळ अधिक आहे. शेकडा चार म्हणजे पाचसहा कोटी माणसे झाली. ती सगळी काही आजारी पडत नाहीत. पुष्कळजण म्हातारे होईतो ठणठणीत राहतात. मग गळती दोषी की निर्दोष? पुढे २०१८ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून असे पुढे आले की गळती असलेल्यांपैकी थोड्या लोकांत त्याच जनुकात, पण गळतीपासून बऱ्याच अंतरावर, आणखी अक्षरबदल असतात आणि रोगाचा भार बहुतांशी त्या बदलांवर आहे. केवळ गळती आहे की नाही एवढेच तपासणाऱ्या चाचणीला हे कधीच कळले नसते. आजूबाजूचा सगळा मजकूर वाचावा लागला, आणि तोही ज्या लोकांत ही गळती आढळते त्याच लोकांचा.

आपल्या देशात असे तपासण्यासारखे खूप आहे, कारण आपल्या समाजाची घडण निराळी आहे. वंशशास्त्रीय अभ्यासावरून असे दिसते की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील लोक एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले. ‘आमचे रक्त शुद्ध’ असे म्हणावयास कोणाही समाजाला या मजकुरात आधार सापडणार नाही. त्यानंतर मात्र विवाह आपापल्या गटात होऊ लागले. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या गटात एखाद्या पूर्वजाचा दुर्मिळ भेद पुष्कळांपर्यंत पोहोचतो. २०१७ साली तंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीचशेहून अधिक गट तपासले, तेव्हा ८१ गटांत ही पूर्वजांची अरुंद वाट फिनलंडच्या लोकांहूनही अरुंद असल्याचे आढळले. आंध्रातील वैश्य समाजात एका विशिष्ट विकराची कमतरता इतरांहून अधिक आढळते. एरवी त्याचा काही त्रास नाही. पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक नेहमीचे औषध अशा माणसाच्या शरीरात लवकर विरत नाही आणि त्याचा श्वास बराच वेळ बंद राहू शकतो. तिकडचे जाणते भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी याची चौकशी करतात.

दक्षिणेच्या पोथ्या

कावेरीच्या मुखप्रदेशात, जेथे दृष्टी पोहोचेल तेथे भात दिसतो, तेथे हे सांगण्यास गंमत वाटते की भारताने आंतरराष्ट्रीय सहकार्यात प्रथम भाताची पोथी वाचली, माणसाची नंतर. मानवी जीनोमच्या प्रकल्पात भारत सहभागी नव्हता. भाताच्या प्रकल्पात होता, आणि अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात त्याचा वाटा होता. ते काम २००५ साली प्रसिद्ध झाले. एका भारतीय माणसाचा संपूर्ण जीनोम भारतातच वाचला गेल्याचे २००९ च्या डिसेंबरात दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवशास्त्र संस्थेने जाहीर केले. त्यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘इंडिजेन’ या कार्यक्रमात १,०२९ जणांचे वाचन झाले. त्याची घोषणा २०१९ साली झाली. त्यात सापडलेल्या साडेपाच कोटींहून अधिक भेदांपैकी जवळजवळ एकतृतीयांश भेद जगातील तोवरच्या तक्त्यांत कोठेच नव्हते. पुढे जैवतंत्रज्ञान विभागाचा ‘जीनोम इंडिया’ हा प्रकल्प २०२० साली सुरू झाला. वीस संस्थांनी मिळून देशभरातील समाजांतून रक्ताचे नमुने घेतले आणि १०,००० जणांचे वाचन केले. ही माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली असून २०२५ च्या जानेवारीपासून ती संशोधकांना खुली करण्यात आली आहे.

दीडशे अक्षरांच्या तुकड्यांची एक उणीव राहते. मानवी मजकुराचा जवळजवळ अर्धा भाग पुनरुक्तीचा आहे. तेच तेच शब्द हजारो ठिकाणी येतात. भजनातील पालुपदाचा तुकडा हाती आला तर तो कोणत्या कडव्यानंतरचा हे कसे सांगावे? यावर उपाय म्हणजे तुकडे लांब ठेवणे. एका पद्धतीत डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतात. अक्षर बदलेल तसा छिद्रातून जाणारा विद्युत्प्रवाह कमीअधिक होतो आणि त्यावरून अक्षर ओळखतात. अशा रीतीने हजारो, कधी लाखो अक्षरे सलग वाचता येतात. त्यांच्या साह्याने २००३ च्या प्रतीत कोरे राहिलेले शेकडा आठ भाग भरून निघाले, आणि २०२२ साली एका मानवी जीनोमचे खऱ्या अर्थाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात वाय गुणसूत्र नव्हते; ते २०२३ साली पुरे झाले.

त्याच वर्षी एकाच प्रतीवर विसंबण्याची जुनी चालही बदलू लागली. निरनिराळ्या वंशांच्या ४७ जणांचे जीनोम एकत्र गुंफून नव्या धर्तीची नमुना-प्रत तयार करण्यात आली. तीत मजकूर एका सरळ ओळीत नसतो. जेथे सर्वांचे अक्षर सारखे तेथे वाट एक, आणि जेथे पाठभेद असेल तेथे वाटेला फाटे फुटून पुढे पुन्हा एकत्र येतात. चिकित्सक आवृत्तीत पाठभेद पानाच्या तळाशी बारीक टाइपात जातात; येथे ते पानाच्या मध्यभागी, मुख्य मजकुराच्या बरोबरीने आले आहेत.

१६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले. त्यानंतर येथे येऊन वसलेली मराठी कुटुंबे आजही या भागात आहेत; त्यांची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकताना थांबून ऐकावी लागते. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर या चौदा पिढ्या झाल्या. अशा घरातील एखाद्या मुलाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला आहे आणि त्याच्या रक्ताचे वाचन करविले आहे असे समजू. अहवालात एका भेदापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येईल. हा शेरा वैद्यकात नेहमी येतो आणि आईबापांना तो रोगाच्या नावापेक्षाही अधिक छळतो. तो काढून टाकावयाचा तर तो भेद कोणत्या निरोगी लोकांत शोधावयाचा? साताऱ्याकडच्या, की कुंभकोणमच्या? उत्तर असे की दोन्हीकडच्या, आणि त्या मुलाच्या आईवडिलांच्याही रक्तात. साठी ओलांडलेल्या निरोगी आजोबांत तोच भेद सापडला, तर एका कुटुंबापुरते बरेच काही कळून येते; आणि दहा हजारांच्या तक्त्यात तो शेकडो निरोगी माणसांत सापडला तर ‘निरुपद्रवी’ असे निःशंकपणे लिहिता येते.

मात्र तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे कोणीतरी दंड पुढे केलेला असतो. रक्त देणाऱ्याला ते कशासाठी घेतले जात आहे हे त्याच्या भाषेत समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते. त्याचे नाव नमुन्यापासून वेगळे ठेवावे लागते. शिवाय एकाने दिलेला मजकूर केवळ त्याचा नसतो. त्यात भावंडांचा आणि मुलांचा अर्धा मजकूर असतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. सरफोजी राजांच्या काळी तंजावरात डोळ्यांच्या रोग्यांवर जे उपचार झाले त्यांची चित्रांसह ठेवलेली टिपणे आजही सरस्वती महालात आहेत. रोगी कोण, डोळ्याला काय झाले, उपचार काय केला, हे त्यांत नोंदलेले आहे. त्या टिपणांत रोग्याची एक बाजू वैद्याने डोळ्यांनी पाहून लिहिली होती. आता दुसरी बाजू, जी त्याच्या आजीपणजीकडून न वाचता आली होती, तीही शेजारच्या रकान्यात मांडली जात आहे.